खारट हंडा

आयसिल्डामामी आमच्या गावात लग्न होऊन आली ती खालच्या ऊसमळ्यांच्या मुलखातून, आणि म्हातारी झाली तरी गावाच्या लेखी ती ‘खालची’च राहिली. आता जन्म कुठे घ्यायचा हे काय माणसाच्या हातात असतं? पण आम्ही ‘मरून’ लोक, मळ्यांतून पळून जमैकाच्या डोंगरात शिरलेल्या गुलामांची लेकरं. आमची नाकं कायम वर.

तिचा नवरा म्हणजे माझा एग्लनमामा. जानेवारीत पूर्वजांचा दिवस असतो, त्या दिवशी जमिनीवर रम ओतून एकेकाचं नाव घ्यायचा मान त्याचा. पहिलं नाव कजोचं, आमच्या जुन्या सरदाराचं. कजोनं इंग्रजांना इतकं दमवलं की तेच तह करायला डोंगर चढून आले, हे सांगताना मामाची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी. मामी कोनफळं सोलता सोलता म्हणायची, त्या तहात काय ठरलं तेही सांगा की. ठरलं होतं असं, की मळ्यातून यापुढे कुणी पळून आला तर मरूननी त्याला धरून परत द्यायचा. पुढं तिच्या मुलखातला टॅकी नावाचा गुलाम इंग्रजांवर उठला, तेव्हा त्याला गोळी घातली तीही एका मरूननंच.

मामा म्हणायचा, कजोनं आपली माणसं जगवली, तुझ्या टॅकीनं मारवली. मामी म्हणायची, तुमचा कजो घरात शिरला आणि आतून कडी लावून बसला.

खरं तर मोठा कोण, हा वाद नव्हताच. तिला एवढंच हवं होतं, की रम ओतताना एकदा टॅकीचंही नाव घ्यावं. मामा तिचं बाकी सगळं ऐकायचा, हे सोडून.

पूर्वजांसाठीचं डुकराचं मांस बिनमिठाचं शिजतं. मिठाला ते शिवत नाहीत. त्या हंड्याजवळ मामीला कुणी कधी फिरकू दिलं नव्हतं. गेल्या जानेवारीत रांधणारा तापानं पडला, म्हणून मामानं हट्टानं तिला बसवलं. आणि हाताची सवय कुठे जाते, उकळी आली तशी बाईनं मूठभर मीठ टाकलं. टाकलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

म्हातारे जमले. हिनं मुद्दाम केलं, टॅकीचा सूड उगवला, म्हणाले. एकजण तर म्हणाला, हिला खाली परत धाडा. माझं डोकंच फिरलं. जन्मभर तिनं सोललेली कोनफळं हादडताना नाही आठवलं खालची-वरची? मामी हातात डाव धरून हंड्यापाशीच बसून होती.

मामा आला, डावातलं चाखलं.

“खारट आहे. आपले पूर्वज नाही खायचे.” मग मामीकडे बघून त्यानं विचारलं, “मळ्यावर गुलामांना काय देत होते गं खायला?”

“खारा मासा,” मामी पुटपुटली. “दुसरं काय देणार.”

मामानं केळीचं पान घेतलं, त्यावर मांस वाढलं आणि खाली उतरणाऱ्या वाटेच्या तोंडाशी नेऊन ठेवलं.

“हे आपण ज्यांना परत धाडलं, त्यांचं,” तो म्हणाला. मग वाकून रम ओतली आणि टॅकीचं नाव घेतलं.

मामी उठून त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“अजून ओता,” ती म्हणाली. “तो एकटा नव्हता.”