काचेत जळलेल्या भिंती

कुणी माझ्यासमोर ‘व्हिंटेज’ म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. काल जी वस्तू भंगार होती, जिच्यामुळे पोरं वाया जातात म्हणून गल्लीत बोंबाबोंब झाली होती, ती आज एकदम व्हिंटेज! आणि हे म्हणणारी माणसंही तीच. अहो, निदान माणसं तरी बदलायची!

माझ्या बाबांचं सदाशिव पेठेत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती. घरोघरी केबल येत होती, परदेशी शीतपेयं वाण्याकडे मिळायला लागली होती, आणि बाबांच्या कारखान्याने बाबांना मात्र घरी बसवलं होतं. हातावर जे टेकवलं त्यातून बाबांनी एक गाळा भाड्याने घेतला आणि मशिनं आणली. कपाटाएवढं लाकडी खोकं, त्यात टीव्हीची नळी, खाली दांडा आणि बटणं, पुढे नाणं टाकायची फट. कॉलेजची पोरं, खोल्या घेऊन राहणारे विदर्भातले विद्यार्थी, क्लासला दांडी मारलेले शाळकरी, सगळे यायचे.

आणि लोक काय काय बोलले! जुगाराचा अड्डा म्हणाले. चांगल्या घरातला माणूस आणि हे धंदे, म्हणाले. चौकीवर तक्रार केली. एका बाईंनी तर आपल्या चिरंजीवांना कान धरून बाहेर काढताना भर गल्लीत बाबांना सुनावलं, “दुसऱ्यांच्या पोरांचं वाटोळं करून पोट भरता, लाज नाही वाटत?”

बाबा म्हणाले, “वाटते ना. तुमच्या चिरंजीवांना मी रोज घरी जायला सांगतो, ते ऐकत नाहीत. आज आपण स्वतः आलात, उपकार झाले.”

गल्ली हसली. पण त्या दिवशी घरी येऊन बाबा जेवले नाहीत. ते मी पाहिलंय, गल्लीने नाही.

पुढे त्याच घरांमध्ये कॉम्प्युटर आले. पोरं घरात बसून तेच गेम खेळायला लागली आणि आयांना वाटलं, पोरगं कॉम्प्युटर शिकतंय! धन्य! बाबांचं दुकान बंद पडलं, मशिनं मिळेल त्याला दिली. त्यानंतर बाबा एका औषधांच्या दुकानात हिशेब लिहायला जायचे. गेमच्या दुकानाचा विषय मात्र घरात निघायचा नाही. निघालाच तर ते त्याला ‘तो मूर्खपणा’ म्हणायचे. बाबांना एवढं कडू तोंड करायला लावणाऱ्या सगळ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, टीव्ही दुरुस्तीत नोकरी केली. सपाट टीव्ही आले तसं आमचं काम आटलं आणि मी जुनी गेमची मशिनं जमवायला लागले. जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या हॉटेलांतून, लोकांच्या माळ्यांवरून. उंदरांनी खाल्लेल्या वायरी, गंजलेली बटणं, गेमची कॅसेट अडकून बसलेले डबे. ते घरी आणायचे, उघडायचे, पुन्हा चालू करायचे. घरात आम्ही बापलेक दोघंच, त्यामुळे हॉल कुणी मागत नाही. “आपल्याकडे पाहुण्याला बसायला जागा नाही, ही एक चांगली सोय झालीये,” एवढीच बाबांची तक्रार.

बाबांचं एक मशीन मला सापडलं ते मार्केट यार्डात. ओळखीच्या बाईंबरोबर कांद्याचं पोतं आणायला गेले होते. एका गाळ्यात हमाल ज्या बाकावर बसून चहा पीत होते तो बाक मला ओळखीचा वाटला. आडवं पाडलेलं लाकडी खोकं होतं. मागच्या दाराला गोदरेज कपाटाची बिजागरी. आमच्या मोडक्या कपाटाची ती बिजागरी बाबांनीच त्या दाराला लावली होती. मी त्या सगळ्यांना हात जोडून उठवलं आणि काचेवरची धूळ ओढणीने पुसली.

काचेत भिंती होत्या.

हे समजावून सांगावं लागेल. नळीवर एकच चित्र वर्षानुवर्षं दिसत राहिलं तर ते काचेला आतून जळून बसतं. मशीन बंद केलं तरी त्याची करडी छाया राहते. बाबांच्या त्या मशीनवर भुलभुलैयाचा गेम होता. कुणी खेळत नसलं की पडद्यावर नुसता भुलभुलैया उभा राहायचा. शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत. गिऱ्हाईक नसताना बाबा त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहायचे, ते सगळे तास त्या काचेत होते. कुठलाही मेकॅनिक म्हणेल, नळी गेली, बदला. डोंबल बदला! त्या दुकानाचा दुसरा काही पुरावा जगात शिल्लक नाही. एक फोटोसुद्धा नाही, कारण फोटो काढावा असं ते दुकान कुणाला वाटलं नव्हतं.

मशीन घरी आणलं. सांध्यांतून कांद्याची सालं काढली, वाळवीने खाल्लेलं प्लायवूड बदललं, फुगलेले कपॅसिटर एकेक करून नवे लावले. नळीला मात्र हात लावला नाही. बाबा तिकडे फिरकत नव्हते. “भंगार ठेवायला आपलं घर म्हणजे काही मार्केट यार्ड नाही,” असं स्वयंपाकघरातून ऐकू यायचं. ज्या दिवशी ते सुरू झालं, पहिली ती जुनी किणकिण वाजली, त्या दिवशी ते बाहेर आले.

“आवाज बसलाय,” म्हणाले.

मी मशीन बंद केलं. ते तिथेच उभे. मग त्यांनी एक बोट काचेवर ठेवून एका भिंतीवरून हळूहळू फिरवलं.

“अजून आहेत की,” म्हणाले, आणि चहा टाकायला गेले. मी मागे स्क्रू आवळत बसले, कारण डोळे भरून आले होते.

इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. मग आले ते चिरंजीव! कान धरून बाहेर काढलेले. आता हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठे साहेब. कुणाकडून तरी त्यांना मशीनचा फोटो मिळाला होता. घरी आले, बाबांच्या पाया पडले, आणि मला म्हणाले, “ताई, आमच्या ऑफिसात रेट्रो कॉर्नर करतोय. थोडे दिवस हे मशीन द्याल? खंडेनवमीला आम्ही लॅपटॉपची, सर्व्हरची पूजा करतो. यंदा या मशीनची पूजा काकांच्या हस्ते करू. सगळ्या स्टाफसमोर. माझं बालपण आहे हो ते!”

माणूस वाईट नव्हता. हेच तर दुखणं आहे, वाईट असता तर दारातूनच घालवला असता. पण मला वाटलं, ज्यांनी बाबांना खाली मान घालायला लावली त्यांनीच मान द्यावा, एकदा तरी. मी त्याला बजावून सांगितलं, “नळीला हात लावायचा नाही. काचेवर जे डाग दिसतात ना, ते तसेच राहायला हवेत.” तो म्हणाला, “ऑफकोर्स, ताई!”

बाबांनी आधी नाही म्हटलं. मग संध्याकाळी पेपर वाचता वाचता विचारलं, “त्याची आई येणार आहे का?”

“आणतो म्हणालाय.”

“मग जाऊ.” दुसऱ्याच आठवड्यात मशीन टेम्पोने हिंजवडीला गेलं.

दुकान होतं तेव्हा खंडेनवमीला बाबा मशिनं पूर्ण बंद ठेवायचे. हत्याराला एक दिवस विश्रांती. झेंडू मंडईतून स्वतः निवडून आणायचे, माळ स्वतः ओवायचे. हळदकुंकू लाकडाला लावायचे, काचेला कधीच नाही. काचेवर बोट उठलं की गिऱ्हाइकाला चित्र नीट दिसत नाही, हा त्यांचा नियम. या वेळीही आदल्या दिवशी ते मंडईत गेले. एक फूल पसंत पडेल तर शपथ! फुलवाली म्हणाली, “आजोबा, लग्न आहे का घरात?” बाबा म्हणाले, “असंच काहीतरी.”

सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, पिशवीत माळ, कुंकवाचा करंडा आणि नारळ घेऊन बाबा कंपनीच्या चकचकीत लॉबीत उभे राहिले. पोरंपोरी झब्बे घालून, साड्या नेसून गोळा झालेली. पुढच्या खुर्चीत साहेबांच्या आई, त्याच त्या बाई. मशीन मधोमध, वर कापड. साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि कापड ओढलं.

पडदा सपाट होता. झगझगीत, नवा कोरा. आत चिमुकला कॉम्प्युटर बसवलेला, त्यावर तोच गेम चाललेला, पण चित्र असं धारदार की डोळ्यांत घुसावं.

“सरप्राइज, काका! दसऱ्याच्या साफसफाईत टीमने वीकेंडला बसून केलं. ती जुनी ट्यूब पार जळलेली होती हो. सगळे डाग गेले बघा!”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. अरे, मी सांगितलं होतं! मराठीत सांगितलं होतं! पण यांना काही दिसलं की ती चूक, आणि चूक दिसली की दुरुस्त. दुसऱ्याच्या आयुष्याला विचारायचं कशाला? शिवाय त्या नळीत बंद असतानाही वीज साठून राहते, उघड्या हाताने काढली असती तर कुणीतरी आडवं झालं असतं. मी हे सगळं बोलले. माझा आवाज त्या काचेच्या लॉबीत घुमला. झब्बेवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्या बाई मला समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “अगं, पण किती छान झालंय! नव्यासारखं!”

बाबांनी मला हाताने थांबवलं. ते मशीनपाशी गेले, वाकून त्या सपाट पडद्याकडे पाहिलं. मग साहेबांना विचारलं, “नळी कुठे आहे?”

“खाली बेसमेंटला, काका. ई-कचऱ्यात. दसऱ्यानंतर गाडी येईल न्यायला.”

“चला.”

“पण काका, पूजा…”

“ती तुम्ही करा. तो पडदा तुमचा आहे.”

आम्ही खाली गेलो. जनरेटरच्या मागे ढीग होता. तुटके कीबोर्ड, जुने मॉनिटर, वायरींची भेंडोळी. ज्यांच्यावर या कंपनीने इतकी वर्षं पोट भरलं ती सगळी हत्यारं, आणि एकावरही फूल नाही. बाबा ढिगाकडे बघून साहेबांना एवढंच म्हणाले, “तुमची खंडेनवमी वरच्या मजल्यावरच असते वाटतं.” साहेबांनी खाली बघितलं.

नळी एका खोक्यावर उताणी ठेवलेली होती. तिची मागची काचेची मान बोटाएवढी बारीक असते. ती तडकली की नळी मेली, मग कुणीही काही करू शकत नाही. मी गुडघ्यावर बसून मान तपासली.

“शाबूत आहे का?” बाबांनी विचारलं.

“आहे.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून काच पुसली. करड्या भिंती वर आल्या, सगळ्या, कोपऱ्यापर्यंत. मग करंडा उघडला. लाकूड तर वर राहिलं होतं. बाबा क्षणभर थांबले, आणि बोट कुंकवात बुडवून त्यांनी ते सरळ काचेवर टेकवलं, भुलभुलैयाच्या मधोमध. माळ घातली. हात जोडले. त्या बेसमेंटमध्ये, डिझेलच्या वासात, पांढऱ्या शर्टातले माझे बाबा कितीतरी वेळ तसे उभे होते. मी त्यांना त्या दुकानाला नमस्कार करताना पहिल्यांदाच बघत होते.

साहेब मागून हळूच म्हणाले, “काका, सॉरी.”

“आईंना सांगा,” बाबा म्हणाले, “आता मला लाज वाटत नाही.”

नळी आणि खोकं त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणलं. सपाट पडदा मी त्यांच्या लॉबीत ठेवून आले, त्यांना लखलाभ! नळी परत बसवली. चित्र जरा डावीकडे कललंय, आवाज अजून बसलेलाच आहे. मी सवयीने काच पुसायला फडका घेतला तर बाबा म्हणाले, “राहू दे ते.”

“अहो बाबा, पण चित्र दिसत नाही मधलं.”

“गिऱ्हाईक कुठेय?”

म्हणून कुंकू अजून तिथेच आहे, काचेच्या बाहेर कुंकू आणि आत भिंती. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे पुसत का नाही? पुसून दाखवाच कुणीतरी.