टर्मिनल शेठचं होतं

उल्हासनगरातल्या एका लग्नाच्या फोटो स्टुडिओत मी सर्व्हर सांभाळायचे. म्हणजे नेमकं काय करते, हे आमच्या बुवापाड्यात कुणाला सांगता यायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, "कॉम्प्युटरवर बसते." आजही त्या नोकरीची आठवण आली की माझे पाय टेबलाखाली हलायला लागतात.

शेठ सिंधी. दुकानाचं कुलूप स्वतःच्या हाताने उघडायचे आणि सर्व्हरचंही. सकाळी माझ्याच खुर्चीत बसून, "उधर देख बेटा" म्हणत ते आपल्या नावाने लॉगिन करायचे, तिथून मला माझ्या खात्यात सोडायचे आणि उठायचे. बाहेरून सरळ माझ्या खात्यात यायची वाट त्यांनी बंद ठेवली होती. मला त्या नोकरीत एकच गोष्ट हवी होती, माझं लॉगिन माझ्या हातात. अगदी पगारवाढीपेक्षाही. भाडेकरूने रोज घरमालकाची वाट बघत उंबऱ्यावर उभं राहायचं, ही काय रीत झाली?

मग जुना सर्व्हर बंद व्हायचा दिवस आला. दुबई-सिंगापूरच्या नातेवाइकांनी बघावेत म्हणून चढवलेले सगळ्या लग्नांचे फोटो त्यावर होते आणि ते संध्याकाळच्या आत नव्या सर्व्हरवर न्यायचे होते. आदल्या दिवशी दोनदा सुरू केलं, दोन्ही वेळा लोडशेडिंगने गिळलं. दोन्ही सर्व्हर दूर कुठेतरी, भाड्याचे, पण वीज गेली की दुकानातला मोडेम बंद, कनेक्शन तुटलं की काम मेलं. उपाय मला माहीत होता. स्क्रीन नावाचा प्रोग्राम असतो, इथे अंधार झाला तरी तो तिकडे सर्व्हरवर काम चालू ठेवतो. मी तो नव्या सर्व्हरवर चालवला. उत्तर आलं, तुमचं टर्मिनल, म्हणजे लॉगिन केल्यावर मिळते ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडता येत नाही.

पुन्हा चालवला. तेच. दुपारची वीज जायची वेळ जवळ येत होती. मी उठत होते, बसत होते, माउस उगाच आपटत होते.

"परमिशन का लफडा है?" शेठनी मागून विचारलं.

"वैसाच लगता है."

"तो सब खोल दे ना. ट्रिपल सेवन मार."

ट्रिपल सेवन म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी. त्यांनी स्वतःच बसून स्क्रीनच्या फोल्डरला ती देऊन टाकली. स्क्रीन आणखीच बिथरला, इतकं मोकळं फोल्डर त्याला चालेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फोल्डर पूर्वीसारखं करायला लावून मी शेवटी टर्मिनल कुणाच्या मालकीचं आहे ते बघितलं. मालक शेठ.

"सेठजी, लॉगिन आपने किया, तो टर्मिनल आपके नाम पे है. मैं बाद में अपने खाते में आयी. इसलिए स्क्रीन मेरे को खड़ा नहीं करता. मेरे को सीधा लॉगिन लगेगा. पासवर्ड."

"दूसरा रास्ता?"

एखादा जुगाड असेलही. मला ठाऊक नव्हता आणि खरं सांगते, शोधायचाही नव्हता.

शेठनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं, मग रस्त्याकडे. माझ्या खात्याची वाट उघडली, पासवर्ड ठेवला आणि दुकानात दुसरं कुणी नसतानाही माझ्या कानाशी येऊन सांगितला. मी लॉगिन केलं. स्क्रीन एका फटक्यात उघडला, फोटोंची नावं पळायला लागली. मला नाचावंसं वाटलं. थोड्याच वेळात वीज गेली.

आम्ही अंधारात बसून राहिलो. शेठ अल्बमच्या पुठ्ठ्याने वारा घेत होते.

"चल रहा होगा ना?"

"चल रहा है," मी ठणकावून म्हणाले. आणि मोडेमचा दिवा लागलाय का ते उगाच वाकून बघितलं.

वीज आली, मी आत गेले, स्क्रीन परत उघडला. नावं अजून पळतच होती. दिवेलागणीच्या आत शेवटचं लग्नही नव्या सर्व्हरवर आलं. शेठनी दाल-पकवान मागवलं. घरी येऊन मी आईला पहिलं सांगितलं, "शेठने मला पासवर्ड दिला."

दुसऱ्या दिवशी शेठ उदबत्ती लावत होते तोवर मी तोच पासवर्ड टाकला. नाही घेतला. सावकाश, एकेक अक्षर बघून पुन्हा टाकला.

"बदल दिया?"

"हाँ. काम हो गया ना?" त्यांच्या चेहऱ्यावर कसलाच संकोच नव्हता. "उठ बेटा, मैं खोल देता हूँ."

मी उठले. काल मी आत होते तेव्हा पासवर्डाशिवाय परत येता येईल अशी सोय माझ्या खात्यात करून ठेवणं अगदी सोपं होतं. शेठनी पासवर्ड बदलला याचा राग आलाच. पण मला ती सोय करून ठेवायचं सुचलंसुद्धा नव्हतं, याचा त्याहून जास्त आला.