ताईंनी न वाचलेलं पुस्तक

दुकानातल्या ताईंना पुस्तकाची किंमत विचारली तर त्या अडखळायच्या, पण "झोप येत नाही हो, काय वाचू?" असं कुणी म्हटलं की त्यांचा हात बरोबर एका फळीकडे जायचा. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत गल्ला, मागच्या खोलीत खिडकीपाशी एक खुर्ची. त्या खुर्चीत बसून कुणी अख्खं पुस्तक वाचलं तरी ताई उठवत नसत.

आवडलेल्या पुस्तकाखाली चिठ्ठी चिकटवायची पद्धत जुन्या मालकांनी, म्हणजे दादांनी पाडली होती. दोनचार ओळी आणि खाली सही, 'ताई'. शेवटचं पान उलटल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा ताईंचा स्वतःचा नियम. एका जाडजूड पुस्तकाखाली त्यांनी लिहिलं होतं, "सुरुवातीची पानं तुम्ही ओढा, पुढे पुस्तक तुम्हाला ओढत नेईल." गिऱ्हाइकं गमतीनं म्हणायची, ताईंची चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांचीच चिठ्ठी, फक्त हिचं अक्षर लागतं.

दादा गेले आणि गल्ल्यावर त्यांच्या पत्नी, वहिनी, बसू लागल्या. वहिनी वाईट नव्हत्या, पण पुस्तक पडून राहिलेलं त्यांना बघवत नसे. नवीन आलेल्या पुस्तकांची फळी त्यांनी स्वतःकडे घेतली. ताईंनी मनाला लावून घेतलं नाही. त्यांना मागची खोली पुरेशी होती.

घरी ताईंचे यजमान होते. त्यांना सगळे पेंटर म्हणत. एके काळी गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. पुढे लोक पाट्या छापून घ्यायला लागले आणि ब्रश डब्यात वाळून गेले. पेंटर पुस्तकाच्या वाटेला जात नसत, पण ऐकत मात्र मन लावून. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ताई बोलायच्या. चिठ्ठीत जे लिहायची लाज वाटे ते सगळं इथे निघायचं. पुस्तक कुठे रडवून गेलं, कुठे आईची आठवण आली. वाचणारा नाही तर नाही, ऐकणारा नवरा मिळाला, असं त्या मैत्रिणींना कौतुकानं सांगत.

एका दुपारी इस्पितळातल्या सिस्टर दुकानात आल्या. नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांची आई नुकतीच गेली होती. ताई रजेवर असताना त्या येऊन एक पुस्तक घेऊन गेल्या होत्या. तेच आता त्यांनी ताईंपुढे ठेवलं.

"ताई, तुम्ही हे खरंच वाचलंय?"

पुस्तकात एक अंथरुणाला खिळलेली आई होती. मुलं तिला एकटीला टाकून जातात आणि ती कणाकणानं मरते, पानंच्या पानं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, की आई गेली तेव्हा त्या दुसऱ्यांच्या आयांजवळ ड्युटीवर होत्या. हलकं काहीतरी हवं होतं, तर वहिनींनी पुस्तक उघडून आत ठेवलेली चिठ्ठी दाखवली. ती चिठ्ठी सिस्टरांनी पुस्तकावर ठेवली.

"वाचून संपवलं आणि आईनं केसांतून हात फिरवल्यासारखं वाटलं. – ताई."

अक्षर ताईंचंच. लांब शेपटीचा 'ई'सुद्धा. पण चिठ्ठी त्यांनी लिहिलेली नव्हती आणि पुस्तक आयुष्यात उघडलेलं नव्हतं. वहिनी हाताच्या अंतरावर गल्ल्यात मान घालून बसल्या होत्या. ताईंच्या तोंडून कसंबसं निघालं, "चूक झाली, सिस्टर." सिस्टरांनी बदली पुस्तक घेतलं नाही. त्या निघून गेल्या.

मग ताईंनी वहिनींना विचारलं, हे कुणी लिहिलं.

"पेंटरांनी," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, तुला घरी सांगितलं असेल."

प्रकाशक पुस्तकं आणून टाकतात, चिठ्ठी नसली की कुणी हात लावत नाही, तू एकटी किती वाचणार, नाव तुझं असलं तरी दुकान आपलंच ना, असं त्या बरंच बोलत राहिल्या. ताईंनी पिशवी उचलली आणि भर दुपारी घरी आल्या. पेंटर ओसरीवर बसले होते. ताईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली.

पेंटर वरमले, पण थोडे खूषही झाले. "अक्षर ओळखू आलं?"

"अक्षर नाही. वाक्य ओळखलं."

ते वाक्य त्या वेगळ्याच पुस्तकाबद्दल बोलल्या होत्या. याच घरात, यांच्याचपाशी. दुसऱ्या कुणाला ते ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आणखी किती वाक्यं गेली, विचारल्यावर पेंटर खाली बघत म्हणाले, आठवतील तेवढी. हाताला काम नव्हतं, वहिनींनी बोलावलं, कुणाचं वाईट थोडंच लिहिलं.

"मी तुमच्याशी बोलले होते," ताई म्हणाल्या. "दुकानाशी नाही."

कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद मागायची कुणाकडे? त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून नुसत्या उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळात गेल्या. सिस्टरांची पाळी संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या आणि त्यांना सगळं सांगितलं. सिस्टरांनी ऐकून घेतलं.

"मग काल 'चूक झाली' असं का म्हणालात?"

"वहिनी समोर होत्या."

"आणि मी कुठे होते?"

ताईंनी पिशवीतून एक पुस्तक काढून पुढे केलं. ते वाक्य मुळात ज्या पुस्तकाचं होतं, ते त्यांनी स्वतःच्या कपाटातून आणलं होतं. सिस्टरांनी ते हातात घेतलं, मागंपुढं बघितलं आणि परत दिलं. "आत्ता नको, ताई. आता तुमच्या कुठल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवायचा, हेच मला कळत नाही."

ताईंनी दुकान सोडलं. जाताना फळ्यांवरच्या स्वतःच्या खऱ्या चिठ्ठ्या सोलून काढल्या. विकलेल्या पुस्तकांतल्या खोट्या तशाच घरोघर राहिल्या. वहिनी एकदा बोलवायला आल्या, ताईंनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. आता त्या एका वह्यापेनांच्या दुकानात बसतात. तिथे कुणी त्यांचं मत विचारत नाही.

घरी वाचन चालूच आहे, मुकाट्यानं. एकदा पेंटरांनी विचारलं, "काय आहे त्यात?"

"वाचून बघा."

काही दिवसांनी ताई कामावरून आल्या, तर पेंटर चष्मा लावून तेच पुस्तक घेऊन बसलेले. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, घाम फुटलेला. ताई दारात थबकल्या. पेंटरांनी वर बघितलं, ताईंनी काहीतरी बोलावं अशा आशेनं. ताई आत जाऊन कपडे बदलून आल्या, भाजी घेऊन बसल्या. ते वाचत कुठवर आले, हे त्यांनी विचारलं नाही.