शून्य म्हणजे शून्य

“पहिल्या नंबरवर ‘सर्जनची वाट पाहणे’ आलंय,” मी मीटिंगमध्ये सांगितलं. कोणी हसलं नाही. हॅम्बर्गमध्ये सकाळच्या मीटिंगला हसायची पद्धत नाही.

आमची कंपनी परीक्षा तयार करते. त्यातलं गणित मी बघते. ही परीक्षा होती भूल देताना डॉक्टरांसोबत काम करणाऱ्या नर्सेसची. कशावर किती प्रश्न, हे मनाने ठरवायचं नसतं. आधी प्रॅक्टिस सर्व्हे करायचा: हे काम किती वेळा करता आणि ते किती महत्त्वाचं? दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या विषयाचं वजन. वाट सगळ्याच जणी रोज बघत होत्या. सर्जनशिवाय ऑपरेशन होत नाही, म्हणून महत्त्वही भरभरून दिलं होतं.

तळाला होता मॅलिग्नंट हायपरथर्मिया. भुलीच्या वायूने एखाद्याच्याच अंगात असा ताप भडकतो की औषध लगेच दिलं नाही तर माणूस हातचा जातो. उत्तर देणाऱ्यांपैकी एकीनेही तो पाहिला नव्हता. शून्याला कशानेही गुणा, उत्तर तेच.

“विषय वगळा,” माझे बॉस हेर क्र्युगर म्हणाले.

“एखादा पेशंट मरेल अशाने,” कमिटीवरच्या सीनियर नर्स फ्राऊ लांगे म्हणाल्या.

“फॉर्म्युला मंजूर आहे. शून्य म्हणजे शून्य.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण मंजूर झालेला फॉर्म्युला इथे ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही.

“तुमच्याकडे हाफ्टफ्लिश्ट आहे?” मी विचारलं. म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं काही मोडलं तर भरपाई देणारा विमा. तो नसलेल्या माणसाकडे इथे संशयाने बघतात.

“अर्थात.”

“कधी वापरलात?”

“कधीच नाही.”

“मग रद्द करा. शून्य म्हणजे शून्य.”

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी यादी पुन्हा पुढ्यात ओढली.

“आल्झो, ठीक आहे,” शेवटी म्हणाले, “ताप राहील.”

प्रश्नांची संख्या ठरलेली, त्यामुळे तापाला जागा करायला वाट पाहण्याचे प्रश्न कापले. एक उरला: पेशंट टेबलावर आहे, सर्जन अजून पोचलेले नाहीत, काय कराल? बरोबर उत्तर: ते येईपर्यंत भूल सुरू करायची नाही.

पेपर आधी कमिटीने सोडवून बघायचा असतो. तापाचा प्रश्न सगळ्यांना आला, अगदी हेर क्र्युगरनासुद्धा. वाट पाहण्याचा मात्र कमिटीवरच्या एकट्या सर्जनसाहेबांचा चुकला. ‘भूल देऊन ठेवा, सर्जन निघालेच आहेत’ हा पर्याय त्यांनी निवडला होता. पेपरलाही ते उशिराच आले होते.

रोज काय घडतं ते सर्व्हे सांगतो. परीक्षा मात्र ज्या दिवशी विमा लागतो त्या दिवसासाठी घ्यायची असते.