घरमालकांचा मुतखडा

ज्याच्यावर आमच्या घरमालकांकडे इलाज नाही, असा आजार अख्ख्या पिपरी मेघेत अजून कुणाला झालेला नाही. शाळेतल्या कारकुनीतून ते निवृत्त झाले आणि गल्लीच्या तब्येतीची जबाबदारी त्यांनी आपणहून अंगावर घेतली. कुणी खोकलं की भिंतीपलीकडून काढा सांगत. माझी मान आखडली तेव्हा त्यांनी मला आठ दिवस उशीशिवाय झोपवलं. नवव्या दिवशी ती वळेचना, तर खूश होऊन म्हणाले, "पाह्य, आजार बाहेर निघून राह्यला!" स्वतःच्या मूळव्याधीचा वृत्तांतही ते फाटकात उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असा सांगायचे. त्यांच्या शरीराबद्दल आपल्याला ठाऊक नाही असं काही उरलं असेल, असं मला कधी वाटलंच नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांची कंबर धरली. सोनोग्राफीत मुतखडा दिसला. ऑपरेशनचं नाव काढताच ते उसळले. "इतकुशा खड्यासाठी पाठीले भोक? कुळथाच्या पाण्यानं विरघळवतो त्याले!" महिनाभर कुळीथ पिऊन झाले आणि एका सकाळी लघवीच बंद झाली. चेहरा सुजला. मी त्यांना आणि त्यांच्या बायकोला, काकूंना, गाडीत घालून दवाखाना गाठला.

"दुसरी किडनी कशी आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

काकू खाली पाहत म्हणाल्या, "दुसरी नाई जी. लहान बहिणीले देल्ली. बारा वर्षं झाले."

मी घरमालकांकडे पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखी त्यांनी मान फिरवली.

आधी पाठीतून नळी घालून तुंबलेली लघवी काढली. चार दिवसांनी, रक्ताचे रिपोर्ट जरा ताळ्यावर आल्यावर, त्याच बाजूने दुर्बीण आत गेली. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. "खडा फोडून काढला. पण रक्तस्राव आहे. संध्याकाळपर्यंत थांबला नाही तर परत आत न्यावं लागेल."

"आन किडनी?" काकूंनी विचारलं.

"वाचवायचा प्रयत्न करू."

पलंगाला टांगलेली पिशवी लालभडक होती. आम्ही दोघं तिच्याकडेच बघत बसलो. दुपारी केळझरहून बहीण आली आणि पायाशी कठडा धरून उभी राहिली. "दादा," एवढंच म्हणाली. त्यांनी डोळे उघडले. "तू काऊन आली? तुले इन्फेक्शन लवकर होते. मास्क लाव पयले!" तिने लावला. त्याच्या आडून ती रडत होती.

चार वाजता नळीतला रंग जरा फिका वाटला. भास असला तर? पाचला सिस्टरने पिशवी खिडकीशी धरली. "साफ होऊन राह्यलं, काका." गुलाबीत पिवळसर झाक आली होती. आता काकूंना हुंदका आवरेना. घरमालक म्हणाले, "काऊन रडून राह्यली? नळ आला न!"

एक कणी मात्र आत कोपऱ्यात राहिली आहे. ती वाढते का यावर लक्ष ठेवायचं, म्हणून मी दर तीन महिन्यांनी त्यांना स्कूटरवरून सोनोग्राफीला नेतो. आजवर सगळं ठीक आहे. परवा परतताना सिंदी मेघेजवळच्या गतिरोधकावर त्यांनी माझा खांदा धरला. त्या हाताला वजन असं उरलंच नव्हतं. पुढे रस्ता मोकळा होता, तरी मी गाडी हळूच चालवली.