घटाजवळून आलेला आवाज

माझ्या शिक्षणात सगळ्यात मोठा वाटा कुणाचा, असं कुणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचा. वडिलांची ती थोरली बहीण. वाटूरजवळच्या आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला आत्या मला परतूरला घेऊन आली आणि बारावी होईपर्यंत मी तिच्या दोन खोल्यांत राहिलो. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. आतल्या खोलीत स्वयंपाक आणि देवघर, बाहेरच्या खोलीत दाराशी शिलाई मशीन. गल्लीतल्या सगळ्या बायकांचे ब्लाउज त्या मशीनवर शिवले जायचे. अजूनही जातात.

आत्या तिसरी शिकलेली. मी धडा मोठ्यानं वाचायचो तेव्हा ती पुस्तकात डोकावायची आणि ओळीखाली बोट फिरवायची. माझं वाचन चुकलं की बोट थांबायचं. असं करता करता मी बारावी झालो, पुढं पदवीधर झालो आणि तिला सावकाश का होईना, कुठलंही मराठी वाचता यायला लागलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला.

आता मी जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ओल्या कागदात आणि वाळूत बी ठेवायचं आणि ठरलेल्या दिवशी किती उगवलं ते मोजायचं. हात कायम ओले. गेल्या वर्षी मी एक स्मार्टवॉच घेतलं. पहिल्याच आठवड्यात हात वाळूत असताना फोन वाजला. फोन होता भिंतीवरच्या पिशवीत. मी कोपरानं कसंबसं घड्याळावरचं हिरवं चिन्ह दाबलं आणि माझ्या मनगटातून बायकोचा आवाज आला, "येताना कोथिंबीर आणा." मी तसाच उभा राहिलो. फोन तिकडे भिंतीवर, आवाज इकडे हातात, मध्ये काही नाही. हे कसं होतं ते मी वाचून घेतलेलं होतं. वाचलेलं असूनही अंगावर काटा आला.

त्याच क्षणी आत्या आठवली. तिचेही हात कायम गुंतलेले. एका हातात कापड, दुसरा चाकावर. फोन वाजला की तिला सगळं सोडून उठावं लागतं. तिला असंच घड्याळ द्यायचं ठरवलं.

नवरात्रात, पाचव्या माळेला, मी परतूरला गेलो. घट बसलेले होते. पत्रावळीवर काळी माती, मध्ये मातीचा घट, मातीतून गव्हाचे पोपटी कोंब वर आलेले, बाजूला अखंड दिवा. मी कोंब बघत बसलो तर आत्या म्हणाली, "मोजू नको. हितं तुझी कंपनी न्हाई."

एकदा चार्ज केलं की आठ-दहा दिवस चालणारं ते घड्याळ मी तिच्या फोनला जोडलं, सगळं समजावून सांगितलं. ती कौतुकानं बघत होती, पण हातात घालेना.

"नवी वस्तू हाय. आधी देवीपुढं ठिवते. दसऱ्याला घट उठले की घालीन."

तिनं घड्याळ घटाला टेकवून ठेवलं, त्याच्यावर नवा खण पसरला, वर त्या दिवशीच्या माळेचं टोक सोडलं. घट बसल्यावर घटाजवळची कुठलीही वस्तू दसऱ्यापर्यंत हलवायची नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं. घड्याळ चालू आहे आणि फोनला जोडलेलं आहे, हे मात्र दोघांच्याही डोक्यातून गेलं.

त्याला कारण होतं. नंतर जेवताना मी तिला म्हणालो, "आता मशीन विक आणि माझ्याकडं जालन्याला ये." ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, तीही पुन्हा नको म्हणाली. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या मशीनच्या खडखडाटात मी कसा शिकलो ते माझं मला माहीत. अजून माझ्या डोक्यात तो आवाज बसलाय."

आत्यानं भगरीचं पातेलं जवळ ओढलं. तिनं माझ्या ताटात भगर वाढली. नंतर दाराशी येऊन "जपून जा" म्हणाली, नेहमी म्हणते तसंच. पण गाडीत बसल्यावर मला ते नेहमीसारखं वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला. फोन उचलला गेला. लांबून, जाड रजईखालून यावं तसं "हॅलो, हॅलो" ऐकू आलं. मी बोलत राहिलो. पलीकडून उत्तर नाही. मग फक्त मशीनचा आवाज सुरू झाला. फोन चालूच होता.

मला वाटलं, रागावली. उचलते, पण बोलत नाही. आत्या स्वतःहून फोन कधीच बंद करत नाही. ज्यानं केला त्यानंच ठेवायचा, आपण ठेवणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं, असं ती मानते. म्हणून मीच ठेवला. सातव्या माळेला पुन्हा केला. पुन्हा तेच. तिला माझ्याशी बोलायचं नाही, असं मी धरून चाललो. आठ वर्षं ज्या घरात राहिलो ते घर एका वाक्यानं मी गमावलं की काय, ह्या विचारानं त्या दिवशी माझी मोजणी दोनदा चुकली.

आठव्या माळेला संध्याकाळी मी फोन केला तेव्हा ठरवलं होतं, आज मी आधी बोलणार नाही. ती बोलेपर्यंत थांबायचं. फोन उचलला गेला. आणि या वेळी आवाज इतका स्पष्ट आला की मी दचकलो. जणू ती माझ्या कानापाशी बसली होती.

"बोल बाबा." मग थोडं थांबून, "न्हाई. आज बी बोलना."

मग दुसरा आवाज आला, शेजारच्या मावशींचा. रोज संध्याकाळी दिव्यात घालायला तेल घेऊन येतात, मग दोघी मिळून उद्याची माळ गुंफतात.

"बोलत न्हाई तं फोन कशाला करतो? शिकून लय शाणा झाला का?"

"तसं नको म्हणू. रागावलाय त्यो."

"कशापायी?"

"मशीनचा आवाज डोक्यात बसला म्हणला. आन खरंच असंल ते. मी लय जपलं गं. गोधडीचे चार तुकडे करून पायांखाली घातले, दर सालाला नवे. तरी बी आवाज व्हायचाच. मंग त्यो घरात वाचत बसला की मी हातशिलाईच घ्यायचे. काज, हुक, तुरपाई. मशीन निस्ती त्यो साळंत गेल्यावर."

"म्हणून तुझे ब्लाउज येळेवर मिळत नव्हते व्हय! आमी तुला शिव्या देत होतो."

"द्यायच्याच की."

"त्याला सांगितलं का कधी?"

"त्यात सांगायचं काय? त्याला कळलंच न्हाई म्हणून मी खूश होते. आन इतकं करून त्याच्या डोक्यात आवाज बसलाच बघ."

मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा होतो. दुसऱ्याचं बोलणं असं ऐकू नये, हे मला कळत होतं. पण फोन कानापासून निघेना.

मशीनच्या पायांखालचे ते तुकडे मी आठ वर्षं पाहिले होते. फरशी उंचसखल आहे म्हणून घातले असतील, असं मी समजत आलो. आणि आता मला दुसरंच काही आठवायला लागलं. दप्तर घेऊन मी घराबाहेर पडायचो. गल्लीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. तिथं वळलो की मागून मशीन सुरू झाल्याचा आवाज यायचा. रोज. तिथंच वळल्यावर. मी गेल्यावर तिला कामाला लागायची घाई असते, असं मला वाटायचं. माझ्या डोक्यात बसलेला आवाज अभ्यासाच्या वेळचा नव्हताच. तो गिरणीच्या कोपऱ्यावरचा होता. मी पुरेसा लांब जाण्याची ती रोज वाट बघत होती.

माझ्या तोंडून निघालं, "आत्या."

पलीकडे फुलांची परडी पडल्याचा आवाज झाला.

"अगं बया!" मावशी ओरडल्या. "घटातून आवाज आला! देवी बोलली!"

"देवीचा आवाज असा घोगरा असतो व्हय? ह्यो तं आपला हाय." मग आत्याचा आवाज आणखी जवळ आला. ती वाकली असावी. "कुठं हाईस रं तू?"

"जालन्यात आहे, आत्या. घड्याळातून बोलतोय. खणाखाली घड्याळ आहे ना, त्यातून."

तेव्हा सगळं माझ्या ध्यानात आलं. ती फोन उचलत होती आणि फोन आवाज घड्याळाला देत होता. माझं बोलणं आतल्या खोलीत खणाखाली दबून राहायचं आणि ती बाहेर मशीनपाशी मुका फोन कानाला लावून बसायची. तिचं बोलणंसुद्धा घड्याळच ऐकत होतं. म्हणून ते लांबून यायचं. आज ती घटासमोरच बसली होती म्हणून स्पष्ट आलं. दोन दिवस ती मला हाका मारत होती आणि मी तिला, एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

"आत्या, फोनच्या पडद्यावर बघ. आवाज कुठून यावा ते तिथं निवडता येतं. स्पीकरचं चित्र दिसतंय का?"

"लई चित्रं हाईत."

"कर्ण्यासारखं."

तिनं काहीतरी दाबलं आणि फोन बंद झाला. मी लगेच पुन्हा लावला. उचलल्या उचलल्या तिचा घाबरा आवाज, "मी न्हाई रं ठिवला! तुझ्या तोंडावर ठिवीन का मी? ह्या चित्रानं ठिवला."

"काही हरकत नाही आत्या. पुन्हा बघू."

"नको. राहू दे. घड्याळ हलवता येत न्हाई, ह्यो फोन मला उमगत न्हाई. दसऱ्यापोत्तर तू तिथूनच बोल."

मग मी तिथूनच बोललो. नवव्या माळेला फोन केला तेव्हा मनात एकच होतं, माफी मागायची. पण मावशींनी सगळ्या गल्लीत सांगितलं होतं. मी "आत्या, मला तुला एक सांगायचंय" म्हणताच ती घाईनं म्हणाली, "जपून बोल. हितं सात-आठ जणी बसल्यात."

"आवाज किती बराबर येतो गं," एक जण म्हणाली.

"पोरगी बघायची का याच्यासाठी?" दुसरी म्हणाली. "देवीपुढूनच हो म्हणल."

"लग्न झालंय त्याचं," आत्या म्हणाली. "दोन लेकरं हाईत. बोल रं, समद्यांना नमस्कार कर."

मी सगळ्यांना नमस्कार केला. त्यांनी मला आशीर्वाद दिले. माफी तशीच राहिली.

दसऱ्याला मला जाता येईना. पेरणीच्या तोंडावर गव्हाच्या बियाण्याची मोजणी ठरलेल्या दिवशीच करावी लागते. आणि फोनवर मला ते बोलायचं नव्हतं. आवाज कुठून निघेल आणि कोण ऐकेल, याचा भरवसा मला उरला नव्हता. मला जे म्हणायचं होतं ते फक्त तिच्या हातात पडायला हवं होतं. म्हणून नवमीच्या संध्याकाळी मी मोठ्या अक्षरात पत्र लिहिलं आणि टपालात टाकलं. त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ते असं:

आत्या,

हे तू एकटी असताना वाच. घाई नको, बोट फिरवत वाच.

आधी घड्याळाचं सांगतो. ते तुझ्या हातात असेल तेव्हा माझा आवाज हातातून येईल. फोन शोधायला उठायचं नाही. घड्याळ काढून ठेवणार असशील तर त्याच्या बाजूचं बटण दाबून धर आणि ते बंद कर. मग आवाज फोनमधूनच येईल. एवढंच. चित्रं दाबायची गरज नाही. आणि फोन चुकून बंद झाला तरी तू दार लावलंस असं मी समजणार नाही.

आता दुसरं. आठव्या माळेला तू मावशींशी बोललीस ते मी सगळं ऐकलं. न सांगता ऐकलं, त्याबद्दल मला माफ कर. पाचव्या माळेला जेवताना मी जे बोललो ते खोटं होतं. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. अभ्यासाच्या वेळी तुझ्या घरात आवाज नव्हता, आत्या. मी आता आठवून बघितलं. माझी पानं उलटल्याचा आवाज मला आठवतो. म्हणजे किती शांत असेल ते घर.

मशीन विकू नको. मी पुन्हा तसं म्हणणार नाही. दिवाळीत येईन तेव्हा पायांखाली घालायला जाड गोधडी घेऊन येतो. फरशीसाठी.

घटातलं धन, ते गव्हाचे कोंब, थोडं माझ्यासाठी ठेव. मी मोजणार नाही.

आणि एक मागणं आहे. इथून पुढं माझा फोन आला तर हिरवं चिन्ह दाब आणि शिवत राहा. मशीन थांबवू नको.