बॉनेटातले माड

आमचे शेजारी अण्णा आरशात बघून दाढी करीत नसत, मोटारीच्या बॉनेटात बघून करीत. अंगणातल्या फणसाखाली ती काळीभोर विलायती मोटार उभी असे आणि तिच्यापुढे बनियनवर, तोंडाला साबण फासून, अण्णा ओणवे. मालवणात आरसे मिळत नव्हते असं नाही. पण अण्णांच्या मते आरशात नुसता माणूस दिसतो. "हयसर पाठचा आभाळ पण दिसता रे. आभाळ दिसल्याबगर आपला तोंड बघू नये. माज चढता." त्या बॉनेटात काय दिसत नसे! समुद्रातला किल्ला दिसे, आणि हवा स्वच्छ असली तर गोव्यातल्या एका पाद्र्याचं टक्कलही दिसे म्हणत. टक्कल काही मी पाहिलेलं नाही. पाद्री टोपी घालत असावा.

मोटार भाड्याची. मालवणहून कसाल, कसालहून मालवण. अण्णा रस्त्याकडे फारसं बघत नसत. वरचे माड उलटे होऊन बॉनेटावरून धावत येत, काचेपाशी पोचले की विरघळत, आणि अण्णा ते बघत मोटार हाकत. वेग असा की, एकदा सासरी निघालेली पोर रडून रडून दमली, झोपली, उठली, पोटभर जेवली, तरी कसाल आलं नव्हतं. कुणी कुरकुरलं तर अण्णा म्हणत, "गाव खंय पळान जाता? माड मात्र पळतत. ते बघून घे."

अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकी, याच मोटारीतून नांदगावहून नवरी होऊन आल्या. नव्या नवरीनं मान वर करायची नाही, म्हणून त्यांनी खाली मान घालून सगळा मुलूख बॉनेटात पाहिला. डोंगरातली मुलगी, जगात इतके माड असतात हे त्यांना आधी मोटारीनं सांगितलं, मग नवऱ्यानं. नंतरही कुठं जायचं झालं की काकी पुढच्याच सीटवर बसत, आणि दोघं नवरा-बायको समोर बघत गप्प. त्यांचं भांडण झालेलं मी कधी ऐकलं नाही. बोलणंही फारसं ऐकलं नाही.

पण समुद्राला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. खारा वारा लागून लागून मोटारीचा रंग विटला, वर दुधाची साय धरावी तसा. अण्णांच्या गालांवर रोज वस्तऱ्याच्या नव्या चिरा दिसू लागल्या. त्यांनी खोबरेल चोळून बघितलं. अख्ख्या तालुक्याची धूळ बॉनेटावर राहायला आली. मग कुणीतरी होड्यांना लावतात ते माशाचं तेल सुचवलं. त्या दिवशी कसालच्या बाजारात आधी अण्णांची मोटार शिरली आणि तिच्यामागून मालवणची झाडून सारी मांजरं. शेवटची दोन तर तिकडेच संसाराला लागली.

गोवा मोकळा झाल्यानंतर म्हापशाहून एक रंगारी आला. त्यानं बॉनेटावर नख फिरवलं आणि तो म्हणाला, "घासून पॉलिश मारतंय. आरशी करून दितंय. पण रंग पातळ झालो आसा. एकदा घासलो काय परत घासूक उरूचो नाय. दोन पावसांनी वारो पत्रोच खातलो. नाय घासलास तर अशीच म्हातारी होतली, पण जगतली."

"आणि नयो रंग?"

"ह्या वाऱ्यात? पापडासारखो सुटतलो."

गावात तट पडले. घासा म्हणणारे आणि नको म्हणणारे एकमेकांच्या विहिरीवर जाईनासे झाले. अण्णा मात्र दोन्हीकडे मान डोलवत. मला वाटे, मोटारीचा जीव जाईल म्हणून भितात. खरी गोष्ट निराळी होती. काकींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी, जी नजर आहे ती हळूहळू जाणार, असं सांगून टाकलं होतं. काकी पदरानं बॉनेट पुसत आणि म्हणत, "माड दिसनत नाय. ते माजे डोळे गेले म्हणान, काय हेचो रंग गेलो म्हणान, ता काय माका कळना नाय."

"मोटार घासली आणि तरी हिका दिसला नाय तर?" एकदा अण्णा मला हळूच म्हणाले. "आता निदान रंगाक तरी दोष दिता रे."

शेवटी आमच्याकडची रीत, देवाला कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही मोटार घासूची काय नको, ता सांग रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "व्हय म्हाराजा!" टपकन डावी पडली.

अण्णा पुढे झाले. "मोटारीचा सांगलंस, बरा झाला. आता हिच्या डोळ्यांचा सांग."

पुन्हा पाकळ्या लावल्या. पडेनात. वारा सुटला, पडेनात. गुरव म्हणाला, "अण्णानू, देव इचार करता."

"करूंदे. माका तितको टायम नाय," अण्णा म्हणाले, आणि देवळातून निघाले ते थेट रंगाऱ्याकडे.

रंगाऱ्यानं अशी घासली, अशी घासली की कावळे बॉनेटातल्या कावळ्यांशी भांडायला येऊ लागले. अण्णांनी काकींना पुढे बसवलं, मला मागे, आणि मोटार तारकर्लीच्या वाटेला लावली. त्या दिवशीचा वेग काय सांगू! डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी आम्हांला ओलांडून गेली आणि जाताना "येवा मागसून" म्हणाली. अण्णा काकींकडे बघत नव्हते. विचारतही नव्हते. दोन्ही बाजूंना माडच माड, मध्ये पांढरी वाळू, आणि मोटार होडीसारखी तरंगत चाललेली.

"इले," काकी म्हणाल्या.

"कोण?"

"माड. उलटे."

अण्णांनी भोंगा दाबला तो तारकर्ली येईपर्यंत सोडला नाही. किनाऱ्यावरचे लोक होडी बुडाली समजून दोऱ्या घेऊन धावले.

रंगारी बोलला ते खरं झालं. दुसरा पाऊस सरला तेव्हा बॉनेटाला गंजाची भोकं पडली होती, आणि काकींना दिवस की रात्र एवढंच कळत होतं. मोटारीची चाकं निघाली, चिऱ्यांवर ती फणसाखाली बसली, आत कोंबडी अंडी घालू लागली. संध्याकाळी अण्णा काकींना हाताला धरून तिच्याशेजारी बाकावर आणून बसवत. काकींचा हात आपसूक बॉनेटाकडे जाई, आणि तो गंजाला लागायच्या आत अण्णा तो धरत.

"हात लाव नको गो, भाजशीत. आताच तारकर्लीसून इलंय, गरम आसा."

काकी हात मागे घेत, बोटांवर फुंकर घालत.

"होय तर. केवढी तापली ती!" त्या म्हणत. "आज माड खंयपर्यंत होते?"

आणि अण्णा सांगू लागत.